सजद्याची जमीन आणि पाण्याचा हिशेब

मुस्लिम माणसाचे कपाळ दररोज जमिनीला टेकते. पाच वेळच्या फर्ज नमाजांच्या १७ रकअती आणि प्रत्येक रकअतीत दोन सजदे, म्हणजे केवळ फर्ज नमाजांत दिवसाला ३४ वेळा. सुन्नत आणि नफिल नमाजांचे सजदे यात धरलेले नाहीत. घरातील माता-भगिनींचे बहुतेक सजदे मशिदीत नव्हे, तर आपल्याच घराच्या फरशीवर, चटईवर किंवा जानमाजवर होतात. म्हणून मुस्लिम घरातील जमीन ही केवळ चालण्या-बसण्याची जागा नाही, ती इबादतीची जागा आहे. शरीर, वस्त्र आणि जागा या तिन्हींची पाकी ही नमाजची पूर्वअट आहे, हे आपल्या मुलांनाही मक्तबमध्ये पहिल्याच वर्षी शिकविले जाते.

तरीही एक प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. फरशी चकाकली, सुगंध दरवळला, पाहुण्यांनी वाखाणणी केली, एवढ्याने ती अल्लाहच्या दृष्टीने स्वच्छ झाली काय? ती स्वच्छ करताना शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी वाहून गेले असेल, घरातील एकाच स्त्रीची कंबर मोडली असेल, कामवालीच्या हातांची आग झाली असेल आणि निघालेली घाण दुसऱ्याच्या दारात जाऊन साचली असेल, तर त्या स्वच्छतेचा हिशेब पूर्ण झाला काय? आजच्या लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

पाकी आणि सफाई

आपल्या बोलण्यात पाकी आणि सफाई हे शब्द एकाच अर्थाने येतात. शरीअतच्या दृष्टीने मात्र त्यांत फरक आहे. धूळ बसलेली जमीन अस्वच्छ असते, पण नापाक नसते. उलट, लहान मुलाने लघवी केलेल्या जागेवरून घाईघाईने ओला पोछा फिरविला, तर ती फरशी चमकते, पण नापाकी दूर होण्याऐवजी चारही बाजूंना पसरते. अनेक घरांत ही चूक नकळत होते.

योग्य पद्धत सोपी आहे. प्रथम कोरड्या फडक्याने किंवा जुन्या कागदाने ओल पूर्ण टिपून घ्यावी. नंतर स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने ती जागा तीन वेळा पुसावी आणि प्रत्येक वेळी फडके स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावे. रंग, वास आणि खूण नाहीशी झाली की जागा पाक झाली. यासाठी बादलीभर पाणी ओतण्याची गरज नाही. हनफी फिकहनुसार जमीन आणि तिच्यात पक्की बसविलेली फरशी वाळून नापाकीची खूण नष्ट झाली, तर तिच्यावर नमाज होते; मात्र तयम्मुम होत नाही. आरसा किंवा काच यांसारख्या, ओल शोषून न घेणाऱ्या गुळगुळीत वस्तू नीट पुसल्याने पाक होतात. कोकणातील आपले शाफई बांधव जमिनीवर पाणी ओतणे आवश्यक मानतात. ज्याने त्याने आपल्या मस्लकच्या आलिमांना विचारून आचरण करावे. सतरंजी, गालिचा आणि गादी या वस्तू मात्र ओल शोषून घेतात. त्यांचा नापाक झालेला भाग तीन वेळा धुवावा आणि प्रत्येक वेळी पाणी निथळू द्यावे.

खेड्यात आजही काही घरांची जमीन मातीची आहे आणि ती शेणाने सारवली जाते. सारवण पूर्ण वाळलेले असेल आणि त्यावर स्वच्छ चटई अंथरली असेल, तर तेथे नमाज पढण्यास हरकत नाही. गरिबाची जमीन मातीची आहे म्हणून त्याची नमाज अडत नाही. प्रेषित (स.) यांच्या हदीसनुसार या उम्मतसाठी संपूर्ण भूमीच सजद्याची जागा आणि पाकीचे साधन बनविण्यात आली आहे.

काळी पडलेली चटई

बुखारी शरीफमध्ये हजरत अनस (रजि.) यांच्याकडून एक प्रसंग आला आहे. त्यांच्या आजी हजरत मुलैका (रजि.) यांनी प्रेषित (स.) यांना जेवणाचे आमंत्रण दिले. जेवणानंतर प्रेषितांनी त्या घरात नमाज पढविण्याची इच्छा व्यक्त केली. घरात एक चटई होती. फार दिवसांच्या वापराने ती काळी पडली होती. हजरत अनस (रजि.) यांनी तिच्यावर थोडे पाणी शिंपडले आणि प्रेषित (स.) तिच्यावर उभे राहिले. मागे अनस (रजि.) आणि एक अनाथ मुलगा, आणि त्यांच्याही मागे वृद्ध आजी. दोन रकअत नमाज झाली.

या प्रसंगातील प्रत्येक गोष्ट आपल्या घराशी बोलणारी आहे. चटई नवी नव्हती. ती लपविण्याची किंवा नवी उसनी आणण्याची धावपळ कोणी केली नाही. मात्र ती होती तशीच पुढेही केली नाही. जवळ असलेल्या थोड्याशा पाण्याने तिची शक्य ती स्वच्छता झाली. सृष्टीतील सर्वश्रेष्ठ मानवाच्या सजद्यासाठी एवढी तयारी पुरेशी ठरली. आपल्याकडे ईदच्या आठवडाभर आधी सोफ्याची खोळ, दाराचे पडदे आणि गालिचे बदलण्यासाठी कर्ज काढणारी घरे आहेत. त्यांनी ती काळी पडलेली चटई डोळ्यांपुढे आणावी. मुस्लिम शरीफमधील एका हदीसचा आशय असा की, एक अंथरूण पुरुषासाठी, एक त्याच्या पत्नीसाठी, तिसरे पाहुण्यासाठी आणि त्यापुढील चौथे शैतानासाठी असते. घरात जितके सामान अधिक, तितकी धूळ अधिक, आणि ती झटकण्यासाठी लागणारे श्रम व पाणीही अधिक.

लातूरने पाहिलेला उन्हाळा

पाण्याचा विषय निघाला की मराठवाड्यातील माणसाला २०१६चा उन्हाळा आठवतो. लातूर शहराला पाणी पुरविणारे धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून प्रशासनाला जमावबंदीचा आदेश काढावा लागला. १२ एप्रिल २०१६च्या पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. दहा वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली. कृष्णा नदीचे पाणी सुमारे साडेतीनशे किलोमीटर प्रवास करून लातूरकरांच्या घागरीत पडत होते. त्या वर्षीचा रमजान जूनच्या आरंभी सुरू झाला.

सूरह अल-मुल्कच्या अखेरीस अल्लाहने मानवाला प्रश्न केला आहे, ज्याचा आशय असा की, तुमचे पाणी जमिनीत खोल उतरून गेले तर वाहते पाणी तुम्हाला कोण आणून देईल? ज्यांच्या बोअरमध्ये त्या वर्षी पाचशे-सहाशे फुटांवरही केवळ धूळ निघाली, त्यांना या आयतीचा अर्थ समजण्यासाठी तफसीर उघडण्याची गरज पडली नसेल.

त्या उन्हाळ्यात घराघरांत जी शिस्त आली, ती आठवण्यासारखी आहे. भाज्या धुतलेले पाणी फरशी पुसण्यास आणि फरशी पुसलेले पाणी संडासात वापरले गेले. एकच पाणी तीन कामे करू लागले. ही शिस्त दुष्काळाची नव्हे, सुन्नतची आहे. प्रेषित (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल करीत, असे बुखारी व मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आले आहे. मुद्द म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. साधारण एक लिटर किंवा त्याहूनही कमी. पाऊस चांगला झाला, धरण भरले आणि नळ नियमित येऊ लागला की आपण ही शिस्त विसरतो. सकाळी अंगणात आणि गच्चीवर रबरी पाइप सोडून दिला जातो. दहा मिनिटांत शंभर लिटरच्या आसपास पाणी रस्त्यावर वाहून जाते आणि जी धूळ झाडूने दोन मिनिटांत निघाली असती, ती चिखल होऊन नालीत साचते. उधळपट्टी करणाऱ्यांना कुरआनने शैतानाचे भाऊ म्हटले आहे. पैशांची उधळपट्टी आपल्याला दिसते, पाण्याची दिसत नाही, कारण त्याचे बिल अल्पसे येते. पण एकाच जलवाहिनीवर पहिल्या घराचा पाइप चालू राहिला की शेवटच्या घराचा नळ कोरडा राहतो. तेथे हा केवळ उधळपट्टीचा प्रश्न राहत नाही, तो हुकूकुल-इबादचा, म्हणजे माणसाच्या हक्काचा प्रश्न होतो. तो हक्क अल्लाहही परस्पर माफ करीत नाही. ज्याचा मारला त्याच्याकडूनच माफ करवून घ्यावा लागतो.

म्हणून क्रम असा असावा. प्रथम कोरडा केर काढावा. तो आतल्या खोलीकडून दाराकडे काढावा. मग अर्धी बादली पाण्यात फडके बुडवून पिळावे आणि दुसऱ्या भांड्यातील पाण्यात ते खळबळून पुन्हा वापरावे. वुजूचे वापरलेले पाणी दुसऱ्या वुजूसाठी चालत नाही, पण धूळ पुसण्यास आणि झाडांना घालण्यास चालते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून जे पाणी बाहेर फेकले जाते, ते बादलीत धरून ओटा, अंगण आणि संडास धुण्यास वापरावे.

दगडाचे आयुष्य

नांदेड-लातूर भागात अनेक घरांत शहाबादी फरशी आहे. हा चुनखडीचा दगड आहे. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार अधिक असल्याने फरशीवर पांढरे डाग पडतात आणि ते घालविण्यासाठी बाटलीतील ॲसिड ओतण्याची सवय अनेकांना आहे. ॲसिड पडताच फेस येतो आणि डाग निघाल्याचे समाधान वाटते. प्रत्यक्षात तो फेस दगडच विरघळत असल्याचा असतो. वरचा गुळगुळीत थर गेला की फरशी खडबडीत होते, मळ अधिक धरते आणि पुढच्या वेळी अधिक ॲसिड मागते. संगमरवराचेही असेच होते. अशा फरशीसाठी साधा साबण, कोमट पाणी आणि नियमित पुसणे हाच उपाय आहे. पुसल्यानंतर कोरडे फडके फिरविले तर क्षारांचे डाग पडतच नाहीत.

त्याहून गंभीर गोष्ट जिवाची आहे. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत तो प्राणघातक ठरू शकतो. स्वतःला विनाशात लोटण्यास कुरआनने मनाई केली आहे. अशा बाटल्या शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवणे आणि त्या मुलांच्या हाताशी ठेवणे हाही अमानतीतील हलगर्जीपणा आहे. मुले ही अल्लाहची अमानत आहेत.

झाडू कोणाच्या हातात?

प्रेषित (स.) घरी असताना काय करीत, असे उम्मुल मोमिनीन हजरत आयेशा (रजि.) यांना विचारण्यात आले. त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, ते घरच्यांच्या कामांत गुंतलेले असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजसाठी निघून जात. ही हदीस बुखारी शरीफमधील आहे. आपल्या सभांमधून दाढी, पेहराव आणि मिस्वाक या सुन्नतींचा उल्लेख वारंवार होतो आणि तो व्हावाही. पण घरकामात हातभार लावण्याची सुन्नत आपल्या पुरुषांच्या यादीत किती जणांच्या आहे?

प्रेषितकन्या हजरत फातिमा (रजि.) यांच्या हातांना जाते ओढून घट्टे पडले होते, आणि घर झाडून त्यांचे कपडे धुळीने माखत, असे अबू दाऊदच्या एका कथनात आले आहे. जगातील स्त्रियांत ज्यांचे स्थान इतके उच्च, त्या स्वतः घर झाडत होत्या. यावरून घरकाम हलके नाही, हे सिद्ध होते. पण यावरून ते एकट्या स्त्रीनेच करावे असे सिद्ध होत नाही, कारण त्यांचे पिता स्वतः आपल्या घरी काम करीत होते. रमजानपूर्वीची साफसफाई आठवून पाहा. सून पहाटेपासून भिंतीची जळमटे काढते, गाद्या उन्हात टाकते, भांडी घासते. आणि तरावीहच्या वेळी तिच्या अंगात उभे राहण्याचे त्राण उरत नाही. घर चकाकले, पण तिची इबादत कोणी हिरावून घेतली? दहा-बारा वर्षांच्या मुलाला गादी उचलण्याइतके बळ असते. मुलगी फरशी पुसते तेव्हा मुलगा मोबाइल पाहत बसतो, ही व्यवस्था इस्लामने दिलेली नाही.

ज्या घरांत धुण्या-पुसण्यासाठी बाई येते, त्या घरांची जबाबदारी अधिक आहे. सेवकांना आपण खातो त्यातून खाऊ घालावे, शक्तीबाहेरचे काम सांगू नये आणि सांगितलेच तर स्वतः मदत करावी, ही प्रेषितांची शिकवण हजरत अबू जर (रजि.) यांच्या प्रसिद्ध हदीसमध्ये आहे. श्रमिकाचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी देण्याची ताकीदही सर्वांना ठाऊक आहे. ईदच्या सफाईचे जादा काम करवून घेऊन त्याची मजुरी पुढच्या महिन्यावर ढकलली, तर त्या फरशीवरील सजदा कोणत्या तोंडाने करावा? ॲसिड हाताळणाऱ्या बाईला रबरी हातमोजे देणे हा उपकार नाही, तो तिचा हक्क आहे.

मशिदीत झाडू मारणाऱ्या एका कृष्णवर्णीय स्त्रीचा प्रसंग बुखारी व मुस्लिममध्ये आहे. ती रात्री मरण पावली. लोकांना तिची बाब किरकोळ वाटली आणि प्रेषितांना न कळविता त्यांनी दफन केले. ती दिसली नाही तेव्हा प्रेषितांनी चौकशी केली, न कळविल्याबद्दल विचारले आणि तिच्या कबरीवर जाऊन जनाजाची नमाज पढली. लोकांच्या दृष्टीने किरकोळ असलेल्या हातांची नोंद अल्लाहच्या प्रेषिताने ठेवली.

उंबरठ्याबाहेर

आपली स्वच्छता बहुधा उंबरठ्यापाशी संपते. केर दाराबाहेर लोटला, पाणी नालीत सोडले, काम झाले. पण नाली तुंबली की तेच पाणी खालच्या वस्तीतील गरिबाच्या दारात येते, आणि नांदेडमध्ये तर शहराचे सांडपाणी शेवटी गोदावरीकडे वळते. ज्या नदीचे पाणी विष्णुपुरीत अडवून नांदेड पिते, त्या नदीकडे आपण काय पाठवितो? रस्त्यावरील त्रासदायक वस्तू दूर करणे हे सत्कर्म आहे. मग ती वस्तू रस्त्यावर टाकणे काय आहे?

ईदुल-अज्हाला याची विशेष आठवण ठेवावी. कुर्बानी इबादत आहे, तिचे रक्त आणि आतडी उघड्या नालीत सोडणे ही इबादत नाही. अवशेष नगरपालिकेने नेमलेल्या गाडीत द्यावेत किंवा खोल खड्ड्यात पुरावेत. फरशीवरील रक्त आधी टिपावे आणि मग थंड पाण्याने धुवावे. गरम पाण्याने रक्त गोठून डाग पक्का होतो. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी सुरक्षित नाही, त्याच्या ईमानविषयी प्रेषितांनी किती कठोर इशारा दिला आहे, हे आपण जाणतो. तो शेजारी मुस्लिम असावा अशी अट त्यात नाही.

पाणी साठविण्याचे ड्रम, हौद आणि कूलर आठवड्यातून एकदा रिकामे करून आतून घासावेत. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो आणि त्याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून राहतात. केवळ पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत. गोदावरीला पूर येऊन सखल वस्त्यांतील घरांत पाणी शिरते, तेव्हा गाळ ओला असतानाच खोऱ्याने काढावा लागतो. वाळला की तो दगडासारखा होतो. अशा वेळी उंचावरील मोहल्ल्यांतील तरुणांनी खोरे आणि झाडू घेऊन खाली उतरावे, आणि घर कोणाचे आहे हे विचारू नये.

म्हातारपणीचे अंथरूण

शेवटचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. एका खेडुताने मशिदीतच लघवी केली, तेव्हा सहाबा (रजि.) त्याच्याकडे धावले. प्रेषितांनी त्यांना थांबविले, त्या माणसाला अर्ध्यात अडवू दिले नाही, नंतर त्या जागेवर बादलीभर पाणी ओतण्यास सांगितले आणि त्याला मायेने समजावले. जमीन बादलीभर पाण्याने पाक झाली. अपमान झाला असता तर त्याचे मन कशाने धुतले गेले असते?

आपल्या घरात अंथरुणाला खिळलेले वडील किंवा आई असतात. त्यांच्या हातून अंथरूण खराब होते. नवी फरशी आणि नवा दिवाण पाहून त्यांना मागच्या खोलीत किंवा ओसरीवर हलविले जाते, म्हणजे घरात वास येऊ नये. आई-वडिलांपुढे ‘उफ्’ इतका त्राग्याचा शब्दही काढण्यास कुरआनने मनाई केली आहे. त्यांच्या गादीवर मेणकापड आणि वर सुती चादर घालावी, दिवसातून दोन-तीनदा चादर बदलावी, गादीला ऊन दाखवावे. एवढ्याने घरही स्वच्छ राहते आणि त्यांचा मानही. ज्यांनी आपली दुपटी धुतली, त्यांची चादर धुण्याची संधी हे अल्लाहने उघडलेले जन्नतचे दार आहे. ते दार बंद करून राखलेली टापटीप काय कामाची?

बंधू-भगिनींनो, अल्लाहने हजरत इब्राहीम (अलै.) आणि हजरत इस्माईल (अलै.) यांच्यावर आपले घर पाक ठेवण्याची जबाबदारी सोपविली. दोन प्रेषितांना दिलेले हे काम हलके कसे असेल? आपापल्या घराच्या बाबतीत तीच जबाबदारी आपल्यावर आहे. आज संध्याकाळी मगरिबसाठी जानमाज अंथरण्यापूर्वी त्या जमिनीकडे एकदा पाहावे. तिच्यासाठी किती पाणी गेले, कोणाचे हात राबले आणि तिची घाण कोठे गेली, हे विचारावे. उत्तर समाधानकारक असेल तर अल्लाहचे आभार मानावेत. नसेल तर उद्या सकाळी पाइप बंद करावा, मुलाच्या हाती झाडू द्यावा आणि कामवालीची राहिलेली मजुरी आजच चुकती करावी.

हे अल्लाह! आमची शरीरे, आमची वस्त्रे, आमची घरे आणि आमची अंतःकरणे पाक कर. कोणाचाही हक्क न मारता स्वच्छ राहण्याची सद्बुद्धी आम्हाला दे. आमीन.